साळूने पाताळात पेरलेला मका

ओढ्याने दोन बाजूंनी वेढलेल्या एका जंगलात, करंजाच्या झाडाखालच्या खोल बिळात, एक साळू राहत असे. अंगभर काळे-पांढरे काटे असलेले साळिंदर तुम्ही चित्रात पाहिले असेल, तीच ही. कामाला वाघीण आणि शब्दाला पक्की. खोड म्हणाल तर एकच. राग आला की तिच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहत, आणि ते एकदा उभे राहिले की समोरच्याचा एक शब्द तिच्या कानात शिरत नसे. राग तर तिच्या नाकावरच बसलेला असे.

या जंगलातल्या प्राण्यांची एक छान रीत होती. पावसाळा सरला की ओढ्याकाठच्या गाळाच्या जमिनीत सगळे मिळून मका लावत. कणसे आली की सगळे मिळून खात, आणि निवडक कणसे पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी बाजूला काढत. ते बियाणे साळूच्या बिळात असे, कारण तिथे पाणी शिरत नसे आणि उंदीरही शिरत नसे. मागच्या वर्षी मात्र घात झाला. पेरणी वानरांकडे होती. त्यांनी झाडावर बसल्या बसल्या बी खाली फेकले आणि पेरणी झाली म्हणून हात झटकले. उघड्यावर पडलेले दाणे पोपट-कावळ्यांनी टिपले आणि पीक आले नावाला. त्यामुळे यंदा बियाण्याच्या कणसांची एकच जुडी उरली होती. ती उगवली नाही तर उन्हाळ्यात पोटाला चिमटा बसणार होताच, पण पुढच्या वर्षी पेरायलाही दाणा उरणार नव्हता. त्या जंगलातून मका कायमचा गेला असता. साळूला ही गोष्ट झोपेतही टोचत असे.

म्हणून यंदा मशागत कशी झाली म्हणता! रानडुकराने मुसंडी मारमारून सारे शेत उभे-आडवे नांगरले. सशांनी मागच्या पिकाची धसकटे वेचून बांधावर टाकली. जमीन चांगली उन्हात तापू दिली. मग हरणांचा कळप तिच्यावरून फिरला आणि ढेकळे फुटून माती भुसभुशीत झाली. जंगलातला सगळ्यांत थोरला प्राणी म्हणजे गवा. त्याने आपले कुजलेले शेण शेतात पसरू दिले आणि जणू मोठे दान केल्यासारखी मान हलवली. शेवटी परतीचा एक पाऊस पडून गेला. दोन दिवसांनी थोरल्या वानराने मूठभर माती दाबून पाहिली. तिचा गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला. "वाफसा आला!" तो ओरडला. "आता उशीर नको."

यंदा पेरणी साळूने स्वतःकडे घेतली होती. आपला गळलेला एक हातभर लांब काटा तिने निवडला. काटा मातीत खुपसायचा, भोकात दाणा सोडायचा, वरून माती लोटायची आणि पुढे सरकायचे. टोकणी म्हणतात ती हीच. रीत उत्तम होती. पण साळू काटा खुपसायची तो थेट मुठीपर्यंत, आणि माती लोटल्यावर वर उभी राहून पायाने चोपून घट्ट करायची.

रानडुक्कर बांधावर उभे राहून हे पाहत होते. ते म्हणाले, "साळूताई, अगं पाताळात पेरतेस की काय? काट्याचं टोक बुडालं की बास झालं. कोंबाला वर यायचंय."

झाले! साळूचे काटे उभे राहिले. "मागच्या साली वरवर टाकलंत, तेव्हा काय झालं? पाखरांची जेवणावळ! माझं बीळ एवढं खोल आहे म्हणून तर आत कुणी शिरत नाही. जे खोल ते सुखरूप. मला नको शिकवूस."

"अगं, पण तू बिळातून वर येतेस ती पायांनी. दाण्याला पाय कुठायत?"

"तू नांगरलंस ना? झालं तुझं काम. बाजूला हो."

रानडुक्कर बाजूला झाले. एवढ्या काट्यांशी वाद कोण घालणार? पण मुलांनो, मला या डुकराचाही राग येतो. ठाऊक होते तर दोनदा सांगायला त्याचे काय जात होते? एकदा सांगून गप्प बसणाऱ्याला वाटते, आपले कर्तव्य झाले. तसे ते होत नसते.

पेरणी संपली आणि साळू राखणीला बसली. पोपट आला की ती धावायची, कावळा आला की धावायची. दुपारी तेवढी ओढ्यावर पाणी प्यायला जायची आणि घाईघाईने परत यायची. मक्याचे हिरवे कोंब दिसायची वेळ आली. ती वेळ गेलीही. शेत मात्र सारवलेल्या अंगणासारखे कोरे. साळू रोज ओळींवरून वाकून वाकून फिरे आणि रोज तिचा जीव थोडा थोडा कासावीस होई. भीती वाटत होती, पण भीती कबूल करणे तिला जमत नसे. तिची भीती तासाभरात रागच होऊन जाई. आपण एवढे राबलो, एवढे जागलो, मग उगवत का नाही? नक्की कुणीतरी चोरतोय!

आणि एका दुपारी ओढ्यावरून परतताना तिला चोर सापडला. शेताच्या पार टोकाला, उंबराच्या आडच्या कोपऱ्यात, एक रानकोंबडी आपल्या पिल्लांना घेऊन माती उकरत होती. फर्र फर्र माती मागे उडत होती आणि पिल्ले चोची मारत होती.

साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर! सापडलीस शेवटी!"

रानकोंबडीने दचकून पिल्लांना पंखाखाली घेतले. "चोर? मी? साळूताई, अळ्या वेचतेय मी. या कोपऱ्यात हुमणीच्या जाडजूड अळ्या आहेत. रोज येते, पिल्लांना चारते. पुढे पिकाची मुळं कुरतडतात मेल्या, म्हणजे तुमचंही कामच करतेय."

"आणि दाणे?"

"दाणा अजून नजरेलाही पडला नाही माझ्या. मी ही अशी वरवर उकरते."

"मग माझा मका उगवला का नाही?"

"ते मला काय ठाऊक? मी पेरलाय का?"

उत्तर सरळ होते, म्हणूनच ते साळूला फार झोंबले. ती तडक गव्याकडे गेली.

सभा म्हणजे सगळे जमायला हवेत. हरणे टेकडीपलीकडे गेली होती, त्यांची वाट पाहण्यात दिवस गेले. गव्याला पाठीला ऊन लागत होते, म्हणून सावलीची जागा शोधण्यात एक सकाळ गेली. अखेर करंजाखाली सभा बसली. साळू मधोमध उभी राहिली. तिचे सगळे काटे ताठ होते आणि डोळ्यांत पाणी होते. ते पाणी खरे होते, हे मी मुद्दाम सांगतो.

"आपण सगळे राबलो," ती म्हणाली. "डुकराच्या नाकाची सालं निघाली. सशांचे पंजे सोलले. मी पाय मोडेपर्यंत राखण केली. आणि ही! ही रोज येऊन उकरते, आपलं उरलंसुरलं बी खाते, आणि वर मला विचारते, मी पेरलाय का? माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी तिला!"

"मी तर आधीच म्हणत होतो," थोरला वानर फांदीवरून ओरडला. मागच्या वर्षी बी फेकणारा तो हाच. "कोंबडीची जातच उकरणारी! पुरावा कशाला हवा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. जात काढली की चौकशीचे कष्ट वाचतात ना! रानडुक्कर मागच्या रांगेत बसले होते. त्याला दाण्याच्या खोलीची गोष्ट आठवत होती. पण साळूच्या काट्यांकडे पाहून त्याने मान खाली घातली आणि एक मूळ चघळत राहिले.

रानकोंबडी पुढे आली. तिचा आवाज कापत होता, पण तो भीतीने नाही, संतापाने. "गवेदादा, मी एकच मागते. तुमच्यापैकी कुणीही एकानं शेतात जाऊन बघा. लांब नाही, इथून दिसतंय. मी कुठं उकरलंय आणि तिथं काय आहे, एवढं बघा आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

"ऊन फार आहे," गवा म्हणाला. "आणि साळू खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दिवस मावळायच्या आत तू पिल्लांना घेऊन जंगल सोड."

आता कोल्हा उठला. इतका वेळ तो पिल्लांकडे पाहत अगदी साधूसारखा बसला होता. तो गोड आवाजात म्हणाला, "लहान पोरं आहेत, वाट आडवळणाची आहे. ओढ्यापलीकडं मी पोचवून येतो ना. तेवढीच माझ्या हातून सेवा."

"शहाणा आहेस," गवा म्हणाला आणि सभा उठली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. इथे तर कहर झाला. संन्याशाला सुळीपर्यंत पोचवायचे काम चोरालाच दिले, आणि साऱ्या सभेला त्यात काही वावगे वाटले नाही!

साळू शेताकडे निघाली. आपण जिंकलो, तरी आत गार का वाटत नाही, हे तिला कळेना. निदान कोंबडीने किती नासधूस केली ते तरी डोळे भरून पाहावे, म्हणजे रागाला चार दिवस पुरेल एवढे खाद्य मिळेल, असे म्हणत ती उंबराच्या आडच्या कोपऱ्यात गेली. कोंबडी सापडल्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे तिने रागाने पाहिलेही नव्हते.

तिथे मका उगवला होता.

उकरलेल्या मातीत, कोंबडीच्या नखांचे ओरखडे होते बरोबर तिथे, हिरव्या कोंबांच्या सुरळ्या ओळीने उभ्या होत्या. साळू पाहतच राहिली. पहिल्यांदा तर तिला आणखी राग आला. "उगवत होतं, आणि ही सटवी तेच उकरत होती!" पण तो राग टिकला नाही. कारण ओरखडे जिथे संपत होते तिथेच हिरवळही संपत होती. पलीकडे तिने इतक्या मायेने चोपून घट्ट केलेले सारे शेत कोरे होते.

साळूने जवळच्या कोऱ्या ओळीत पंजा घातला. ती उकरत गेली. बरेच खाली गेल्यावर दाणा लागला. तो जागेवर होता. त्याला कोंबही फुटला होता. पांढरा, लांब, सापाच्या पिल्लासारखा वळलेला. वर यायला त्याने किती धडपड केली होती! घट्ट मातीला टक्कर देऊन तो आडवा झाला होता, अंधारातच त्याने पान उलगडले होते आणि आता त्याच्यात दम उरला नव्हता. तिने पुढचे भोक उकरले. दाणा जागेवर. त्याच्या पुढचे. तोही जागेवर, पण कुजलेला. त्याच्या पुढचा अजून जिवंत. ती धावत दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथेही उकरून पाहिले. एकही दाणा चोरीला गेला नव्हता. सगळे बी, तिने पुरले होते तसेच, पुरलेले होते.

साळूचे काटे हळूहळू अंगाला चिकटले. तिला इतकी लाज वाटली की मातीतल्या त्या भोकात शिरावेसे वाटले. जिने नकळत का होईना, वरची माती हलकी करून बियाला वाट दिली, तिलाच आपण चोर म्हटले. आणि आत्ता या घडीला ती चिमुकली पिल्ले कोल्ह्याबरोबर ओढ्याकडे निघाली आहेत, हे आठवताच साळू धावत सुटली.

ओढ्याकाठी कोल्हा मोठ्या मायेने बोलत होता. "एकेक पिल्लू माझ्याकडं दे. मी तोंडात धरून पलीकडं ठेवतो. पाणी खोल आहे."

"पाणी घोट्याएवढं आहे," रानकोंबडी म्हणाली आणि पंख पसरून पिल्लांपुढे उभी राहिली.

"वाद नको घालूस. सभेचा हुकूम आहे," असे म्हणत कोल्हा पुढे झाला. तेवढ्यात झाडीतून खडखड आवाज आला. साळू पाठ करून, सारे काटे पसरून, उलट्या पावलांनी धडकली. कोल्ह्याच्या नाकात काटे घुसले आणि तो केकाटत उडाला.

"अगं, तूच तर हिला हाकलायला लावलंस!" तो विव्हळला.

"हो, मीच," साळू म्हणाली. "म्हणून तर आलेय. हाल इथून!"

कोल्हा नाक चाटत पळाला. साळूने वळून काही बोलायला तोंड उघडले, पण रानकोंबडी तिच्याकडे बघेना. ती एकेका पिल्लाच्या डोक्यावरून चोच फिरवत होती.

साळूने त्याच संध्याकाळी साऱ्या सभेला शेतावर उभे केले. आता ऊन नव्हते, त्यामुळे गवाही आला. तिने सगळ्यांना उकरलेला कोपरा दाखवला, आपण पेरलेला दाणा वर काढून दाखवला आणि म्हणाली, "चोरी झालीच नाही. पाखरांच्या भीतीनं मी बी पाताळात घातलं. डुक्करदादा सांगत होते, तर मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, आणि आळ घेतला रानकोंबडीवर. ताई, मला माफ कर."

मग थोरला वानर खाकरला. "झालं गेलं गंगेला मिळालं. रानकोंबडीताई, तेवढं सगळं शेत उकरून दे ना. आमचे पाय जड पडतात. तुझे कसे हलके!"

रानकोंबडीची मान ताठ झाली. "आता ताई! दुपारी माझी जात काढलीत, आता माझ्या पायांचं कौतुक? साळूनं आळ घेतला, पण ती निदान शेतात आली. तुमच्यातलं कोण आलं? मी हात जोडून म्हणत होते, एकदा बघा. तुम्हाला ऊन लागत होतं! माझी पिल्लं मेली असती, आणि तुम्ही सावलीत बसून म्हणाला असता, न्याय झाला. आणि डुकरादादा, तुम्हाला तर ठाऊक होतं!"

रानडुक्कर मातीत नाक खुपसून उभे होते. ते वर आले नाही.

"मी उकरेन," ती पुढे म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही. खाली ती रोपं गुदमरताहेत. त्यांनी माझ्यावर कसलाच आळ घेतलेला नाही."

आणि तिने पिल्लांना घेऊन ओळी उकरायला सुरुवात केली. साळू पुढे पुढे जाऊन कुठे दाणा आहे ते दाखवत होती आणि ती हलक्या नखांनी वरची माती दूर करत होती. अंधार पडेपर्यंत आणि मग पुन्हा उजाडल्यापासून त्या खपल्या. निम्म्या शेतात कोंब वर आले. उरलेले निम्मे कुजून गेले होते. सभा जमेपर्यंत, गव्याला सावली मिळेपर्यंत आणि वानराचे ओरडणे संपेपर्यंत जे दिवस गेले, त्यांनी ते निम्मे शेत खाल्ले. त्याची शिक्षा मात्र कुणाला झाली नाही, याचा मला आजही संताप येतो.

निम्म्या शेताचा मका आला. खायला बेताचा पडला, पण बियाणे राहिले. पुढच्या वर्षी वाफसा आला तेव्हा साळूने आपला काटा दातांनी कुरतडून आखूड केला आणि रानकोंबडीपुढे नेऊन ठेवला. "एवढा चालेल?"

रानकोंबडीने तो नखाने उलटापालटा करून पाहिला. "अजून थोडा कमी कर."

साळूने निमूटपणे तो आणखी कुरतडला. मग हळूच विचारले, "अजून राग आहे का गं माझ्यावर?"

"आहे," रानकोंबडी म्हणाली. "पण तुझा राग न बघता आला होता. माझा सगळं बघून आलाय. चल, ओल उडून जायच्या आत पेरून घेऊ."

तात्पर्य : उगवले नाही म्हणून दुसऱ्याला चोर ठरवण्याआधी आपण पेरलेली माती उकरून पाहावी, आळ मागे घेता येतो, पण त्यात वाया गेलेला हंगाम परत येत नाही.